छाटणाऱ्याचा हेतू आणि छाटणीची वेळ

ज्याचा हेतू शुद्ध त्याचे कृत्यही शुद्धच, असे पुष्कळांचे मत असते. बापाने मुलास मारले, मास्तराने विद्यार्थ्यास चारचौघांत बोल लावला, वडीलधाऱ्यांनी नव्या सुनेस सर्वांसमक्ष दटावले, आणि मागाहून कोणी त्याविषयी विचारले, तर उत्तर ठरलेले असते: ‘आम्ही केले ते त्याच्या बऱ्यासाठीच केले.’ हे उत्तर बहुतकरून खरेही असते. बोलणाऱ्याच्या मनात वैर नसते; उलट माया असते. परंतु एवढ्याने तो निर्दोष ठरतो काय? दुसऱ्यास सुधारावयास निघालेल्या मनुष्यास चांगला हेतू पुरे आहे, की त्याशिवाय आणखी काही त्याच्यापाशी असले पाहिजे? हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. तो नीट उकलावा म्हणून बागेतील एका साध्या कामाकडे त्यांचे लक्ष वेधतो. ते काम म्हणजे वसंतात फुलणाऱ्या झुडपांची छाटणी.

युरोप व अमेरिका ह्यांच्या थंड भागांत लायलॅक नावाचे एक झुडूप घरोघरी लावतात. त्याचे मूळ स्थान युरोपच्या आग्नेय भागातील बाल्कन डोंगर होय. ते पुरुषभर किंवा त्याहून उंच वाढते. पाने पिंपळाच्या पानांसारखी हृदयाच्या आकाराची, पण लहान व शेपटीवाचून असतात. हिवाळ्यात ते अगदी निष्पर्ण होते; आणि बर्फ वितळून गेल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत, फांद्यांच्या शेंड्यांवर फिकट जांभळ्या किंवा पांढऱ्या सुवासिक फुलांचे भरगच्च तुरे येतात. अमेरिकेत रॉचेस्टर शहरी हायलँड पार्क नावाच्या बागेत १८९२ साली ह्या झुडपांची लागवड सुरू झाली. १८९८ सालापासून तेथे केवळ हा बहर पाहावयास लोक जमू लागले आणि आजही मे महिन्यात जमतात. आपल्या देशावरील उन्हात हे झुडूप फुलत नाही, कारण त्यास कडक हिवाळा लागतो; पण त्याचा एक भाऊबंद हिमालयाच्या पश्चिमेकडील उतारांवर रानटी उगवतो.

आता ह्या झुडपाची रीत पाहा. मे महिन्यात फुले ओसरली की त्यास नवे धुमारे फुटतात. त्या धुमाऱ्यांच्या शेंड्यांशी त्याच उन्हाळ्यात पुढील वर्षाच्या कळ्या डोळ्यांच्या आत घडू लागतात. पानझड होण्यापूर्वीच त्यांची घडण झालेली असते. मग हिवाळाभर त्या कळ्या खवल्यांच्या आवरणाखाली निजून राहतात, आणि वसंताची ऊब लागताच उमलतात. म्हणजे ज्या फुलांस आपण ह्या वर्षाची फुले म्हणतो, ती वस्तुतः मागच्या वर्षीच झाडाने तयार करून ठेवलेली असतात. म्हणून जाणता माळी लायलॅकवर कात्री चालवितो ती बहर संपल्याबरोबर, नवी कळी धरण्याच्या आत. त्यानंतर वर्षभर तो त्याच्या सुदृढ फांद्यांस हात लावीत नाही.

परंतु अजाण माळी काय करितो? तो हिवाळ्याची वाट पाहतो. त्या ऋतूत त्यास दुसरे काम नसते. पाने झडल्यामुळे झाडाचा सांगाडा उघडा दिसतो. कोणती फांदी वाकडी, कोणती आडवी, हे चट्कन ध्यानात येते. झाड तर निपचित, जणू मेल्यासारखे उभे असते. तेव्हा तो कात्री घेतो आणि सर्व शेंडे एकसारखे कापून झुडपास सुबक आकार आणतो. त्याची माया कमी नसते, मेहनतही कमी नसते. पण प्रत्येक शेंड्याबरोबर येत्या वसंताची फुले जमिनीवर पडत असतात, आणि हे त्यास ठाऊक नसते.

येथे एक गोष्ट वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. असे अवेळी कापलेले झुडूप मरत नाही. उलट वसंतात ते जोमाने फुटते. हिरवेगार, भरदार दिसते. ते पाहून माळ्यास समाधान वाटते. फूल मात्र नसते. मग तो म्हणतो, जमीन निकस असावी. किंवा म्हणतो, रोपच हलक्या जातीचे असावे. आपल्या कात्रीवर त्याचा संशय जात नाही, कारण कात्रीने तर झाड वाढलेले डोळ्यांना दिसत आहे. पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा कापतो, आणि पुन्हा झाडास नावे ठेवितो. अवेळी केलेल्या हिताचा सर्वांत मोठा दोष हाच की, ते आपली हानी झाकून ठेविते. जे नष्ट झाले ते उमललेलेच नव्हते; म्हणून त्याचा शोक करणारा कोणी नसतो.

आमच्या घरांत आणि शाळांत असे कितीदा घडते! एखादे पोर बोलके असते, पदोपदी प्रश्न विचारते. पाहुण्यांदेखत ‘गप्प बैस’ म्हणून आपण त्याची जीभ छाटतो. पोर गप्प बसते. पुढे ते शहाणे, आज्ञाधारक, खाली मान घालून चालणारे होते, आणि आपण शेजाऱ्यांस सांगतो की, वेळीच धाक लावला म्हणून पोर वळणावर आले. दहा वर्षांनी ते चारचौघांत एक शब्द बोलू शकत नाही, तेव्हा आपण म्हणतो, मुळातच भित्रे आहे. झाड हिरवे राहिले; फूल का आले नाही, हे कोणी विचारीत नाही.

पण मग कोणी म्हणेल, हा तर सोपा नियम झाला: फुले येऊन गेल्यावर छाटावे, आधी छाटू नये. वाचकहो, तसे नाही. आपल्या अंगणातील मोगरा पाहा. तोही वसंतापासून उन्हाळ्यात फुलतो. पण मोगऱ्यास फूल येते ते नव्या फुटव्यावर, जुन्या काडीवर नव्हे. म्हणून आपल्याकडील बागाईतदार पाऊस सरल्यावर मोगऱ्याचे पाणी तोडून त्यास ताण देतात आणि थंडीत, साधारणपणे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, म्हणजे बहराच्या आधीच, त्याची छाटणी करितात. नंतर खत-पाणी मिळाले की नवे फुटवे निघतात व त्यांवर कळी धरते. मोगरा न छाटता ठेवला तर फूल विरळ येते. ज्या छाटणीने लायलॅकचा बहर जातो, तशाच छाटणीने मोगऱ्याचा बहर येतो.

आणि नवल असे की, ही दोन झाडे परकी नव्हेत. वनस्पतिशास्त्रज्ञ मोगरा, जाई, लायलॅक आणि जैतून ह्या सर्वांस एकाच कुळात घालतात. एका कुळाची, दोन्ही सुगंधी, दोन्ही वसंताशी नाते असलेली. तरी एकास जे अमृत ते दुसऱ्यास विष. मग एका आईच्या पोटच्या दोन लेकरांस एकाच काठीने वळण लागेल, असे आपण कशावरून समजतो? थोरल्यास धाकाने शिस्त लागली, म्हणून धाकट्यासही तोच धाक, असे म्हणणारा बाप पक्षपात करीत नाही हे खरे. पण तो न्यायही करीत नाही. न्याय म्हणजे सर्वांस सारखे कापणे नव्हे. ज्याचे फूल जेथे आहे ते ओळखून हात घालणे होय.

हे ओळखावे कसे? ह्याचे उत्तर आपल्या द्राक्षबागाईतदारांनी दिलेले आहे. नाशिक, सांगली व सोलापूर ह्या जिल्ह्यांत द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. द्राक्षे निघाल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करितात. तिच्या योगे नव्या काड्या वाढतात, आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढील घड सूक्ष्म रूपाने तयार होतो. नंतर ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते. तीत घड असलेला डोळा राखून वरची काडी कापतात. कितव्या डोळ्यात घड आहे हे बाहेरून दिसत नाही. ते जातीजातीप्रमाणे बदलते. मधले दिवस ढगाळ गेले असले तर घड कमीही धरतात. म्हणून पुष्कळ शेतकरी गोडी छाटणीच्या आधी काही काड्या नेऊन डोळे चिरून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपासवून घेतात, आणि मग किती डोळ्यांवर कापावयाचे ते ठरवितात. आधी पाहणे, मग कापणे. लायलॅकच्या बाबतीत तर यंत्राचीही गरज नाही. हिवाळ्यात जवळ जाऊन बोटाने चाचपले तरी फुलाचा डोळा टपोरा व पानाचा डोळा बारीक लागतो. ज्याने चाचपून पाहिलेच नाही, तो ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणू शकेल. पण ठाऊक करून घेणे त्याच्या हाती होते, हे त्यास नाकारता येणार नाही.

येथेच आमच्या प्रश्नाचा गाभा आहे. अज्ञानाने घडलेली हानी ही दोषास पात्र नाही, असे सामान्यतः मानितात. आणि जेथे जाणून घेण्याचा मार्गच नव्हता, तेथे ते योग्यही आहे. परंतु जो आपण होऊन दुसऱ्याच्या जीवनावर कात्री उचलतो, त्याची गोष्ट निराळी. त्यास कोणी घाई केलेली नसते. कापण्याचा अधिकार मागणाऱ्याने आधी पाहण्याचे कष्ट घेतले पाहिजेत. ते न घेता तो आपल्या शुद्ध हेतूकडे बोट दाखवू लागला, तर आम्ही म्हणू की, त्याची माया खरी होती, परंतु आळशी होती. आणि हिवाळ्यातील माळ्याप्रमाणे बहुधा त्याने वेळ निवडली ती झाडाच्या सोयीची नव्हे, स्वतःच्या सोयीची. आपणांस राग आलेला असतो, किंवा लोक पाहत असतात, किंवा आपण रिकामे असतो. तेव्हाच नेमकी आपणांस दुसऱ्याची वाकडी फांदी दिसते.

ह्यावर एक रास्त आक्षेप आहे. असे भीत बसले तर मनुष्य कधी कोणास सुधारणारच नाही. मुले मोकाट सुटतील, आणि ‘अजून वेळ आली नाही’ ही भित्र्याची पळवाट होईल. आक्षेप खरा आहे. वर्षानुवर्षे न छाटलेला लायलॅकही शोभत नाही. त्याचे बुड उघडे पडते, जुने खोड जाड व निबर होते, आणि फुले येतात ती पार वर शेंड्याला, जेथे ती हाताला लागत नाहीत व त्यांचा वासही नीट घेता येत नाही. न छाटणे ही दया नव्हे. ती पुष्कळदा केवळ हयगय असते. शिवाय एका जातीच्या फांदीस काळवेळ पाहावी लागत नाही. जी वाळली, जी मोडली, जीस रोग लागला, ती फांदी कोणत्याही ऋतूत दिसताक्षणी कापावी, असे सर्व माळी सांगतात. कारण तीत फूल नाही, आणि तिच्यापासून शेजारच्या फांद्यांस अपाय आहे. तसेच मनुष्याचे. पोर चोरी करिते, दारूच्या गुत्त्यावर बसू लागते, दुबळ्यास छळते, तर ‘पुढे पाहू’ म्हणणे हा धर्म नव्हे. वेळ पाहावयाची ती जिवंत फांदीसाठी. हे दोन प्रकार ओळखता येणे, ह्यालाच आम्ही विवेक म्हणतो. परंतु आपला अनुभव असा की, वाळक्या फांद्या आपण भीडेने राखतो, आणि जिवंत फांद्यांवर, त्या केवळ आपल्या वळणाच्या नाहीत म्हणून, कात्री चालवितो.

दुसरी एक समजूत आहे, तीही तपासली पाहिजे. ‘बोललो खरे कठोर, पण मागून पाठीवरून हात फिरवू, म्हणजे झाले,’ असे कित्येक म्हणतात. ह्याविषयी बागेतील एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. विल्यम फोर्सिथ (१७३७–१८०४) हा स्कॉटलंडात जन्मलेला माळी इंग्लंडच्या राजाच्या केन्सिंग्टन येथील बागेवर होता. वसंतारंभी पिवळ्या फुलांनी झाकून जाणाऱ्या एका झुडपास त्याच्या नावावरून फोर्सिथिया म्हणतात. तेही लायलॅकच्याच कुळातले, आणि त्याचीही छाटणी बहरानंतरच करावयाची. ह्या फोर्सिथने झाडांच्या जखमांवर एक लेप काढला होता: ताजे शेण, जुन्या इमारतींचा चुना, लाकडाची राख व थोडी वाळू. ह्या लेपाने पोकळ झालेले ओक वृक्षही पुन्हा भरीव होतात, असा त्याचा दावा होता. त्या काळी इंग्लंडास लढाऊ गलबतांसाठी ओकचे लाकूड हवे होते. म्हणून सरकारने त्यास बक्षीस दिले, आणि १७९१ साली लेपाची कृती छापून प्रसिद्ध झाली. टॉमस अँड्रू नाइट नावाच्या बागायतीच्या अभ्यासकाने १८०२ साली ह्या दाव्याविषयी जाहीरपणे शंका घेतली. तरीही कापलेल्या जागी काही ना काही लेप किंवा रंग फासण्याची चाल पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू राहिली.

विसाव्या शतकात अमेरिकेच्या सरकारी वनखात्यातील अॅलेक्स शायगो (१९३०–२००६) ह्या शास्त्रज्ञाने असंख्य झाडे उभी चिरून त्यांच्या जखमांचा आतून अभ्यास केला. त्यास आढळले की, झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाहीच. झाड त्या जागेभोवती आतून जणू भिंत बांधते आणि तिच्याबाहेर नवे लाकूड घालीत जाते. जुना घाव जन्मभर आत तसाच राहतो. वरून लावलेल्या लेपाने आतील कूज थांबत नाही. कापावयाचेच तर कोठे कापावे, हे मात्र महत्त्वाचे आहे. फांदी जेथे खोडास मिळते तेथे एक फुगीर कडे असते. त्या कड्याच्या किंचित बाहेर कापावे. खोडाला घासून कापले तर खोडच जखमी होते. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो.

ह्यात आपणांस दोन धडे आहेत. एक हा की, मागाहून लावलेला मायेचा लेप लावणाऱ्याच्या मनास शांती देतो. घाव त्याने नाहीसा होत नाही. मनुष्य त्यास आतल्या आत भिंत बांधतो आणि हसून बोलू लागतो. आपण समजतो की तो विसरला. दुसरा हा की, कापावयाचे ते कड्याच्या बाहेर. ‘तू हे वाईट केलेस’ असे म्हणणे म्हणजे फांदी कापणे. ‘तू आहेसच वाईट’ असे म्हणणे म्हणजे खोडास कात्री लावणे. ‘तुझ्या बापाचेच वळण’ असे म्हणणे तर मुळासच हात घालणे होय. दोष पुरता सांगावा, अर्धवट ठेवून कुजू देऊ नये; पण दोषाच्या पलीकडे, मनुष्याच्या अंगात, पाते जाऊ देऊ नये.

आणखी एक प्रश्न राहतो, आणि तो सर्वांत अवघड आहे. छाटणी कोणासाठी? बाल्कनच्या डोंगरांवर लायलॅकला कोणी छाटीत नाही. तरी तो फुलतो, बी धरतो आणि आपला वंश चालवितो. द्राक्षवेलही रानात झाडांवर चढून आपल्यापुरती फळे देते. छाटणी हवी असते ती आपणांस: फूल हाताच्या उंचीवर यावे, घड मोठा व्हावा, कुंपण नीट दिसावे म्हणून. ह्यात पाप नाही. माळी झाडास पाणी देतो, राखतो. त्याने झाडापासून काही मागावे हे योग्यच आहे. परंतु जे आपल्यासाठी केले ते ‘झाडासाठी केले’ असे म्हणणे मात्र खोटे आहे. मुलास रागे भरताना बापाने क्षणभर थांबून विचारावे: ह्याचे भले व्हावे म्हणून मी बोलतो आहे, की लोकांत माझी मान खाली जाऊ नये म्हणून? दोन्ही कारणे एकत्र असतील, तर तसे कबूल करावे. जो स्वतःशी खरे बोलतो त्याचा हात आपोआप हलका होतो.

हात हलका असावा, ह्यासही बागेत माप आहे. फार जुना, माजलेला लायलॅक सुधारावयाचा तर शहाणा माळी तो एकदम जमिनीसरसा करीत नाही. तसे केले तर झाड बहुधा जगते, पण कित्येक वर्षे फूल दाखवीत नाही. तो दरवर्षी सर्वांत जुन्या खोडांपैकी एक तृतीयांश बुडाशी काढतो, आणि तीन वर्षांत सारे झुडूप नवे करितो. ह्या तीन वर्षांत एकही वसंत फुलावाचून जात नाही. एखाद्या मनुष्यात दहा दोष दिसले, तर दहाही एका संध्याकाळी सांगण्याची आपणांस केवढी उतावीळ असते! त्यातले तीन सांगावे, आणि सांगताना त्याचे जे चांगले आहे ते फुलू द्यावे. उरलेल्यांस पुढचे वर्ष आहे.

तर मूळ प्रश्नाचे आमचे उत्तर हे: चांगला हेतू असल्यावाचून कात्री हाती घेऊच नये, पण केवळ तो आहे म्हणूनही घेऊ नये. हेतूबरोबर ज्ञान पाहिजे, ज्ञानाबरोबर वेळ पाहिजे, आणि वेळेबरोबर माप पाहिजे. ज्याचे त्यास ठाऊक नसलेले फूलही त्याच्या डोळ्यांत निजलेले असू शकते, हे ज्याने एकदा जाणले, तो दुसऱ्यास शब्द लावण्यापूर्वी जवळ जाईल, चाचपून पाहील. तेवढ्याने त्याचे अर्धे बोलणे अनावश्यक ठरेल, आणि उरलेले अर्धे ऐकणाऱ्याच्या उपयोगी पडेल.